तोफखान्यांचा टोफू

"खात नाही म्हणजे काय? आजारी आहे का?"

"नाही हो बाबा. मटण खात नाही. अंडी, दूध, लोणी, चीज, काहीच नाही."

"मग दात कशाला ठेवलेत त्याने?"

"दातांचाच डॉक्टर आहे तो," लेक म्हणाली आणि पाण्याचा ग्लास उचलून शांतपणे प्यायली. वडिलांशी बोलताना तिने ही सवय लावून घेतली होती. वाक्य टाकायचं आणि ग्लासाआड लपायचं.

तोफखान्यांचा घास हातातच राहिला. तोफखाने हे त्यांचं आडनाव नव्हे. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं मटणाचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकाने "जरा बघून द्या हं" एवढं म्हटलं तरी ते असे कडाडायचे की समोरच्या फुलवाल्याच्या हातातला हार गळून पडायचा. त्यावरून लोकांनी हे नाव ठेवलं होतं. अर्थात पाठीमागे. तोफेच्या तोंडाशी उभं राहून कोण बोलणार?

"माझ्या घरात," ते म्हणाले, "तीन पिढ्या मटण विकणाऱ्याच्या घरात, तुला लग्नाला हा एकच दातवाला सापडला?"

"सोमवारी जेवायला येतोय. तुमचं दुकान बंद असतं म्हणून सोमवार. तुमच्या हातचं खायचंय त्याला. मी फार कौतुक केलंय तुमच्या हाताच्या चवीचं."

"काय वाढू? रिकामं ताट?"

"टोफू करा. सोयाबीनच्या दुधाचा असतो तो. पांढरा, चौकोनी. सोपा असतो."

घरात स्वयंपाक तोफखानेच करत. त्यांची बायको दिवसभर शिवणयंत्रावर असे, आणि दुसऱ्याने शिजवलेलं मटण तोफखान्यांच्या घशाखाली उतरत नसे. त्यांनी मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं. ती हातातली सुई खाली ठेवत म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. इतकी वर्षं मी केलेल्या प्रत्येक भाजीला नावं ठेवलीत. आता करा टोफू. आणि एक, लग्न ठरेपर्यंत बाहेर चकार शब्द काढायचा नाही. ठरलं नाही तर पोरीला लोक वर्षभर खात बसतील."

तोफखान्यांनी शब्द दिला. रागारागाने दिला, पण दिला.

टोफू आणायला ते आपल्या बाजारात गेले नाहीत. दोन वस्त्या ओलांडून, टोपी भुवयांपर्यंत ओढून, एका मोठ्या दुकानात शिरले. तिथल्या मुलीने विचारलं, "मऊ हवा की घट्ट?"

"मला काय विचारता? मी काय त्याच्या पोटात शिरून बघितलंय?"

"नाही, म्हणजे काय करणार आहात त्याचं?"

"शिक्षा भोगणार आहे!" तोफखाने कडाडले. मुलीने घाबरून एक मऊ आणि एक घट्ट अशी दोन पाकिटं त्यांच्या हातात कोंबली. ती छातीशी धरून ते पैसे द्यायच्या रांगेत उभे राहिले, तोच मागून आवाज आला.

"काय रे, हे तू खातोस?"

तोफखान्यांच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. जगात एकाच माणसासमोर त्यांच्या तोफेची दारू ओली व्हायची, आणि ते माणूस म्हणजे बाई. शाळेत बाईंनी त्यांना शिकवलं होतं, पुढे त्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या, आणि आता दर रविवारी पहिलं गिऱ्हाईक म्हणून दुकानात येऊन मटणाच्या तुकड्यांतही चुका काढायच्या.

"नाही... म्हणजे हो बाई. घरी हवा होता."

"कुणाला?"

खरं सांगितलं तर बायकोला दिलेला शब्द मोडत होता. खोटं बोलायला बाईंसमोर त्यांना कधीच जमलं नव्हतं. मग त्यांनी पाकिटं आणखी घट्ट छातीशी धरली. बाईंनी पाकिटांकडे पाहिलं, त्यांच्या पोटाकडे पाहिलं, आणि "अस्सं," एवढंच म्हणाल्या. शाळेत त्या "अस्सं" म्हणाल्या की दुसऱ्या दिवशी पालकांना बोलावणं यायचं.

घरी आल्यावर तोफखान्यांनी सगळा राग मऊ टोफूवर काढला. मटणाला करतात तसं तेल कडकडीत तापवलं, पाकीट फोडलं आणि तो ओलाचिंब ठोकळा वरून सोडला. पुढे जे झालं त्याला स्वयंपाक म्हणता येणार नाही. पाणी आणि तेल यांची जुंपली. छतापर्यंत थेंब उडाले, तोफखान्यांच्या मिशीवर एक ठिणगीसारखा बसला, आणि ते झाकण ढालीसारखं धरून झाऱ्याने आतल्या शत्रूवर वार करत सुटले. आवाज थांबला तेव्हा कढईत ठोकळा नव्हता, नुसता चुरा होता.

"अहो, पुसून तरी टाकायचा," दारातून बायको म्हणाली.

"आता याला अंग पुसायला टॉवेल पण देऊ?"

लेकीने त्या चुऱ्यात कांदा, मिरपूड, मीठ आणि लिंबू टाकून तो परतला. मायलेकी पावाबरोबर खायला लागल्या. "छान झालाय की," बायको म्हणाली. तोफखान्यांचं डोकं आणखी सटकलं. आपण ठरवून केलेलं बिघडतं आणि बिघडलेलं छान लागतं, हा त्यांना उघड अपमान वाटला. त्यांनी एक चमचा खाल्ला. चांगला होता. त्यामुळे राग दुप्पट झाला. त्यांनी दुसरं पाकीट उचललं, "तू पड इथेच!" असं ओरडून घरच्या फ्रीझरच्या तळाशी फेकलं आणि दार आपटलं.

रविवारी सकाळी दुकानात बाई आल्या नाहीत.

त्यांच्या मागोमाग रोज येणारेही आले नाहीत. जे आले ते मटण तोडायच्या ठोकळ्यापासून लांब उभे राहून मटणाकडे असे बघत होते की जणू ते उठून बोलणार आहे. शेवटी शेजारचा चांभार धीर करून म्हणाला, "एक विचारू? रागावणार नाही ना?"

"मी कधी रागावतो?" तोफखाने ओरडले.

"नाही, लोक म्हणतात की तुम्ही स्वतः मटण सोडलंत. टोफू खाता. आता विकणाराच खात नाही म्हटल्यावर..."

"कोण म्हणतं? मी रोज मटण खातो! सकाळी खातो, दुपारी खातो!"

"मग टोफू कोण खातं?"

तोफखान्यांनी तोंड उघडलं. लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तोंड मिटलं. सगळ्या बाजाराने त्यांना पहिल्यांदाच उत्तराशिवाय पाहिलं, आणि त्या गप्प बसण्याने जे काम केलं ते हजार अफवांना जमलं नसतं. मागे उभं असलेलं गिऱ्हाईक पिशवीची घडी घालत "उद्या येतो" म्हणालं.

"उद्या दुकान बंद असतं!"

"हो ना, म्हणूनच," असं म्हणून ते सटकलं.

त्या दिवशी आजोबांच्या वेळेपासून कधी झालं नव्हतं ते झालं. मटण उरलं. तोफखाने रिकाम्या ठोकळ्यावर सुरा आपटत बसले. एका दातवाल्यापायी लेकही चालली होती आणि दुकानही. तिला एकदा स्पष्ट सांगून टाकावं की हे लग्न होणार नाही, असं घोकत ते घरी आले. पण लेक खिडकीशी बसून जेवणाच्या टेबलाला नवीन कापड शिवत होती. आईचं यंत्र तिला नीट चालवता येत नव्हतं, कड वाकडी जात होती, तरी पुन्हा उसवून पुन्हा शिवत होती. तोफखाने नुसते खाकरले आणि आत गेले.

सोमवारी सकाळी त्यांनी फ्रीझर उघडला. टोफूची वीट झाली होती, पिवळट आणि दगडासारखी कडक.

"गेला," लेक रडवेली होऊन म्हणाली.

"जाऊ दे. आता याच्याशी माझ्या पद्धतीने वागतो." ते पाकीट त्यांनी कोमट पाण्यात टाकलं. वितळल्यावर ठोकळा तळहातांमध्ये धरून दाबला, तर स्पंज पिळावा तसं पाणी निघालं. अजून दाबला, अजून निघालं. मग त्यांनी नव्या सुरीने कापायला घेतलं आणि सुरी अर्ध्यात थांबली. अंगठा कडेवरून फिरला. आयुष्यभर मटणावर फिरलेला तो अंगठा होता. परवाचा तो गुळगुळीत, बुळबुळीत ठोकळा आता आतून जाळीदार झाला होता, पदर सुटत होते, दाबला तर उलट दाबत होता.

"अगं," ते बायकोला म्हणाले, "याला अंग आलं."

मग मात्र तोफखान्यांना चेव आला. सुरी नवी होतीच, कढईही नवी काढली, कारण दातवाल्याच्या ताटाला मटणाचा वासही लागता कामा नये अशी लेकीची ताकीद होती. तुकडे फडक्यात पुसले. लसूण, मिरपूड, मीठ आणि लिंबू चोळून मुरायला ठेवले. मक्याच्या पिठात घोळवून थोड्या तेलात टाकले आणि लगेच उलटायला गेले.

"हात लावू नका!" बायको ओरडली. "खालून आपोआप सुटू दे. जरा दम धरा."

दम धरणं हा प्रकार तोफखाने नुसता ऐकून होते. ते हात मागे बांधून, दात ओठ खात, कढईवर डोळे वटारून उभे राहिले. तुकडे सोनेरी झाले, आपोआप सुटले. मग कांदा काळपट होईपर्यंत परतून, टोमॅटो आटवून त्यांनी दाट रस्सा केला आणि तुकडे त्यात सोडले. वास घरभर झाला. तोफखान्यांनी एक तुकडा खाल्ला, कुणी बघत नाही असं बघून दुसरा खाल्ला, आणि झाकण ठेवून दिलं.

दातांचे डॉक्टर वेळेवर आले. उंच, बारीक, हसरे. लेकीने वाढलं. डॉक्टरांनी ताटाकडे पाहिलं आणि त्यांचं हसू जरा ओशाळलं.

"काका, टोफू आहे का?"

"मग काय दगड आहे?"

"रागावू नका, पण नंतर कळण्यापेक्षा आत्ताच खरं सांगतो. मला टोफू आवडत नाही. मटण सोडल्यापासून जिथे जातो तिथे लोक टोफूच वाढतात. पांढरा, ओला, आत थंड. मला आपली बटाट्याची भाजी दिली तरी चालली असती."

लेकीच्या हातातला डाव भांड्यात पडला. बायकोने डोळे मिटले. तोफखाने खुर्चीतून हळूहळू उठले, आणि सगळा आठवडा साठलेला दारूगोळा एकदम उडाला.

"बटाटा? मी या टोफूसाठी तोंड लपवून फिरलो! मिशी जाळून घेतली! माझं गिऱ्हाईक पळालं, आणि तू बटाटा मागतोस? टोफू आवडत नाही म्हणे! तुला वाढणाऱ्यांना शिजवायची अक्कल नाही, त्यात त्या बिचाऱ्या टोफूचा काय दोष? पिळला होता त्यांनी? मुरवला होता? दम धरला होता? खा! एक तुकडा खा, आणि मग माझ्या तोंडावर सांग!"

डॉक्टरांनी घाईने तुकडा तोंडात टाकला. चावला. थांबले. पुन्हा चावला. मग मान खाली घालून जेवायला लागले आणि बराच वेळ वर बघितलंच नाही. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःच वाढून घेतलं.

इतक्यात दारावरची घंटा वाजली. बायकोने दार उघडलं, आणि बाई काठी टेकत सरळ आत आल्या.

"काय रे, लोक काय काय बोलतायत. म्हटलं, स्वतः जाऊन बघावं. खरं सांग, मटण सोडलंस का?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी टेबलाकडे मोर्चा वळवला. भांड्यातला काळसर रस्सा पाहिला, तोफखान्यांच्या ताटातला एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

बाई डोळे मिटून चावत होत्या. वर्गात वही तपासताना त्यांचा चेहरा असाच व्हायचा.

"हात्तिच्या!" त्या म्हणाल्या. "खातोस की! आणि काय मटण आहे रे हे! रविवारी आम्हाला देतोस ते इतकं मऊ नसतं. चांगलं ते घरी ठेवतोस होय?"

तोफखान्यांच्या कपाळाची शीर तटतटली. तीन पिढ्यांच्या मटणापेक्षा सोयाबीनचा ठोकळा सरस ठरला होता, तोही त्यांच्याच घरात, त्यांच्याच बाईंच्या तोंडून. ओरडायला त्यांनी छाती भरून श्वास घेतला. टेबलाखालून लेकीने त्यांचा पाय दाबला. वरून बायकोने खांदा दाबला.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"दातांचे डॉक्टर आहेत," बायको चटकन म्हणाली.

"मग सांगा डॉक्टर, कसं आहे मटण?"

डॉक्टरांनी तोंडातला घास सावकाश गिळला, तोफखान्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, असं मी आजवर कुठेच खाल्लं नाही." यात खोटं काहीच नव्हतं. तोफखान्यांनी भरलेला श्वास नाकातून सोडून दिला.

बाई गेल्या, त्या थेट बाजारातून गेल्या.

मंगळवारी दुकान उघडायच्या आधीच रांग लागली होती. रविवारची सगळी तोंडं परत आली होती, चांभारही होता आणि सगळ्यांच्या पुढे बाई होत्या. आज लेक मुद्दाम गल्ल्यावर येऊन बसली होती.

"काल तुझ्या ताटात होतं तेच दे," बाई म्हणाल्या. "दुसरं चालणार नाही. मी यांना सगळ्यांना सांगितलंय."

"आम्हालाही तेच!" मागून आवाज आले.

तोफखान्यांनी सुरा उचलला. समोर ताजं, उत्तम मटण टांगलं होतं. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. त्यांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला. फुलवाल्याने सावधपणे हार खाली ठेवला. पण आवाज काही फुटला नाही.

"बाई," ते दातांवर दात दाबून म्हणाले, "तो भाग रोज मिळत नाही."

"मग कधी मिळतो?"

तोफखान्यांनी गल्ल्याकडे पाहिलं. लेक ओठ घट्ट मिटून मोड मोजायचं नाटक करत होती.

"आमचे जावई जेवायला येतात तेव्हा," ते म्हणाले आणि सुरा खाडकन ठोकळ्यात रुतवला.