वाघमारे काकांचं 'अगं'

आमच्या शेजारचे वाघमारे काका कुलूप लावतात, हलवून बघतात, अर्धा जिना उतरतात आणि परत येऊन कुलपालाच विचारतात, "लागलंयस ना रे?" मग काकूंना खाली उभं राहून वाट बघावी लागते. विठ्ठलवाडीत आमच्या बिल्डिंगखाली काकू जितक्या उभ्या राहिल्यात, तितका वॉचमनही राहिला नसेल.

काकांची सगळी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात, सेफ्टी विभागात गेली. कारखाना सुटला, सेफ्टी काही सुटली नाही. "खात्री आहे, पण विश्वास नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अशा माणसाला त्यांच्या भाचीने दाखवलं, की कोडिंग न शिकता, फोनवर एआयशी नुसतं बोलून अ‍ॅप बनवता येतं. झालं! काका गॅलरीत खुर्ची टाकून एआयशी बोलायला लागले. त्याला ते साहेब म्हणतात. "साहेब, जरा त्रास देतो. पाण्याची मोटर बंद केली का, असं रोज विचारणारं काहीतरी बनवा. घाई नाही, पण लगेच हवंय." साहेब बिचारे लगेच द्यायचे. मोटरचं झालं, दुधाचं झालं, कुलपाचं झालं. मग ही सगळी अ‍ॅप चालू आहेत ना, हे विचारणारं आणखी एक झालं.

गॅसच्या अ‍ॅपने मात्र घोळ घातला. त्यात काकांनी स्वतःचा आवाज भरलेला: "अगं, गॅस बंद केलास का?" आता आमच्या मजल्यावर झाडून सगळे नवरे बायकोला 'अगं'च म्हणतात, आणि काकांच्या फोनचा आवाज पार जिन्यापर्यंत जातो. पहिल्याच सकाळी चार घरांतल्या चार बायकांनी धावत जाऊन गॅस बंद केला. त्या दिवशी माझ्या डब्यात कच्ची डाळ गेली.

मी काकांना म्हटलं, त्यात काकूंचं नाव घाला, म्हणजे आम्ही सुटू. काका चक्क लाजले. "लग्न झाल्यापासून कधी नावाने हाक मारली नाही गं. आता काय फोनमधून मारू?"

मग काकांच्या छातीत दुखायला लागलं आणि ठाण्याच्या हॉस्पिटलात बायपास ठरली. काका घाबरून अर्धे झाले, पण ऑपरेशनला नाही. मागे हिला मोटरचं कोण सांगणार, दुधाचं कोण सांगणार, हाच घोर. काकू मला हळूच म्हणाल्या, "अगं, इतकी वर्षं मोटर मीच बंद करते. हे नुसते विचारतात." तरी अ‍ॅडमिट होईपर्यंत काका साहेबांच्या मागे लागलेले. सगळी अ‍ॅप काकूंच्या फोनमध्ये टाकली. शेवटचं वाक्य मी भिंतीपलीकडून ऐकलं: "साहेब, बटणं मोठी करा. तिचा चष्मा कायम फ्रिजवर राहतो."

ऑपरेशनच्या सकाळी मी काकूंना घेऊन निघाले. भाची आधीच हॉस्पिटलात होती. काकूंनी कुलूप लावलं, फोन काढला आणि कुलपाचं मोठं बटण दाबलं. काकांचा आवाज आला:

"शालिनी, कुलूप हलवून बघितलंस का?"

काकूंचं नाव शालिनी आहे, हे मला तेव्हा कळलं. एरवी असल्या प्रश्नाला काकूंनी टोमणा मारला असता. आज त्यांनी निमूटपणे कुलूप हलवून बघितलं. आम्ही अर्धा जिना उतरलो आणि काकू परत फिरल्या. पुन्हा कुलपासमोर उभं राहून त्यांनी बटण दाबलं. पुन्हा तोच आवाज आला.

मी म्हटलं, काकू, रिक्षा थांबलीय.

"ते घरी आले की परत 'अगं'च म्हणतील," काकू म्हणाल्या. "तोवर ऐकून घेते."

मी म्हटलं, "येणारच काका. मला खात्री आहे."

"खात्री मलाही आहे," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा बटण दाबलं.