स्टेपनी : आहे

सकाळी सव्वाआठ वाजता शिल्लकराव गाडीच्या चौथ्या चाकापाशी उकिडवे बसले होते आणि घरातली दोन माणसं त्यांच्या नावाने शंख करत होती.

"अहो, आटपा! दहाच्या आत हॉलवर पोचायचंय मला!" बायको जिन्यातून.

"जावईबापू, चारही चाकं जागेवर आहेत ना? मग निघा की!" सासूबाई तिच्याही वरच्या पायरीवरून.

"आलो, आलो!" शिल्लकराव म्हणाले. व्हॉल्व्हवर टोपी बसवली, हात झटकले, वहीत खूण केली.

या वहीबद्दल सांगायला हवं. त्याआधी नावाबद्दल. शिल्लकराव कारखान्यात स्टोअरकीपर. "बेअरिंग आहे का?" असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "आहे." "मग द्या." "शिल्लक आहे असं म्हणालो. देतो असं कुठं म्हणालो?" कोरी वस्तू कोरीच राहिली पाहिजे, हा त्यांचा बाणा. नाव पडलं ते त्यातून.

आता वही. दर रविवारी, आणि कुठं जायचं असलं तर त्याही दिवशी, एक पान :

हवा : चारही चाकं, ठीक.
व्हॉल्व्हच्या पिना : अर्धा आटा सैल, मग आवळल्या. (गंजू नयेत म्हणून. ही युक्ती त्यांची स्वतःची.)
ऑइल : काठीवरच्या दोन खुणांच्या मध्ये.
रेडिएटर, वायपरची बाटली : भरली.
स्टेपनी : आहे.

ही शेवटची ओळ नऊ वर्षं एका अक्षरानेही बदललेली नव्हती. डिकीतलं झाकण उचलायचं, कंपनीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या त्या गोल मूर्तीवर एक थाप मारायची, झाकण बंद. आहे म्हणजे आहे!

शिवाय तालीम. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शिल्लकराव चाक बदलण्याची तालीम करत. बायकोच्या हातात स्टॉपवॉच. मागचं डावं चाक काढायचं आणि तेच मागचं डावं चाक परत बसवायचं. स्टेपनी का नाही बसवायची? वापरलेली होईल ना! विक्रम अकरा मिनिटं वीस सेकंदांचा. एवढी तयारी, आणि नऊ वर्षांत पंक्चर एकदाही नाही. हे दुःख ते कुणाला सांगणार?

*

सव्वाआठचे पावणेनऊ झाले. गाडी निघाली.

बायको गणिताची शिक्षिका. शिक्षकांच्या टेबल टेनिस स्पर्धेत अकरा वर्षं उपांत्य फेरीत हरत आलेली, आणि यंदा पहिल्यांदाच अंतिम फेरीत. नियम साधा : दहाच्या ठोक्याला जी टेबलापाशी नाही, ती हरली. प्रतिस्पर्धी बाई गेल्या वर्षीची विजेती. ती म्हणे हॉलवर साडेआठलाच येऊन बसते.

सासूबाईंना नेण्याचं ठरलंच नव्हतं. "मागे सामान आहे, उगाच दाटी," असं शिल्लकराव आदल्या दिवशी म्हणाले होते. सकाळी सासूबाई मात्र सगळ्यांच्या आधी तयार.

"मला काय," मागच्या सीटवरून आवाज आला. "तुमच्या त्या पाचव्या चाकासारखी पडून राहीन मागे. आहे म्हणून नोंद करा, झालं."

"आई, प्लीज. मला मन एकाग्र करू दे."

"कर की! मी बोललेय का काही?"

*

नऊ वाजून पाच. मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना गोदामांच्या लांबच लांब भिंती, माणूस नाही की दुकान नाही. गाडी डावीकडे ओढू लागली. मग मागून भद् भद् भद्.

शिल्लकरावांनी गाडी कडेला घेतली, उतरले, वाकून बघितलं आणि सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता, की बायकोला वाटलं रस्त्यात काहीतरी सापडलं.

"मागचं डावं!" ते ओरडले. "अगं, मागचं डावं!"

"पंक्चर?"

"पंक्चर!"

"आणि तुम्ही हसताय?"

"स्टॉपवॉच काढ! पंचावन्न मिनिटं आहेत, मला अकरा पुरतात!"

सासूबाई काच खाली करून म्हणाल्या, "जावईबापू, आधी व्हॉल्व्हला थुंकी लावून बघा. बुडबुडा आला तर..."

"सासूबाई, ही सायकल नाही."

(सासूबाई नर्स. तीस वर्षं सायकलवरून घरोघरी रुग्णांना इंजेक्शनं द्यायला जायच्या आणि सायकलची सगळी दुरुस्ती स्वतः करायच्या. हे शिल्लकरावांना माहीत होतं. जसं डिकीत स्टेपनी आहे हे माहीत होतं, तसं.)

"सुरू!" बायको म्हणाली. आणि काय सांगावं! हॅन्डब्रेक! पुढच्या चाकांना दगड, घरून आणलेले, धुतलेले! नट अर्धे सैल, मग जॅक! हात असे चालले, की बायको अंतिम फेरी विसरून ओरडायला लागली, "तीन मिनिटं! अहो, चार! नट निघाले? सव्वाचार!" चाक निघालं. शिल्लकराव धावत डिकीकडे गेले, एक क्षण थांबले, आणि कात्रीने नऊ वर्षांचं प्लास्टिक हळू कापलं. घाई असली म्हणून काय झालं? त्यांनी स्टेपनी उचलली, रस्त्यावर उभी केली. कोरी करकरीत! मग हात सोडला.

ती उभीच राहिली नाही. खालून पसरली आणि थप्पकन आडवी झाली.

स्टॉपवॉच चालू होतं.

"हवा नाही हिच्यात," बायको म्हणाली.

"नसेल कशी? दर रविवारी बघतो मी!"

"काय बघता?"

"आहे की नाही ते!"

*

पण शिल्लकराव डगमगले नाहीत, कारण डिकीत पायपंप होता. नळी जोडली आणि पायाखाली घेतला.

"सरका," बायको म्हणाली. "मला वॉर्मअप करायचंच होतं."

अंगात खेळाचा गणवेश, पायात पांढरे बूट. गणिताच्या बाई पंप मारू लागल्या. एक, दोन, तीन... साठ... एकशेवीस! स्टेपनी थोडी फुगली. शिल्लकराव टाळ्या पिटायला लागले. "हाण! अजून शंभर!" एकशेपन्नासला स्टेपनीच्या कडेला एक भेग दिसली. मग तिच्या शेजारी दुसरी. नऊ वर्षं एकाच जागी झोपून रबर वाळलं होतं. फुस्स असा लांब, शांत सुस्कारा निघाला आणि स्टेपनी पुन्हा आडवी झाली. बायको फुटपाथच्या कडेवर बसली.

"साडेनऊ वाजत आले," ती म्हणाली. एवढंच. आवाज चढवला असता तर शिल्लकरावांना बरं वाटलं असतं. अकरा वर्षांच्या उपांत्य फेऱ्या तिच्या चेहऱ्यावर एकदम दिसल्या, आणि त्या सगळ्यांपेक्षा ही हार वाईट. न खेळता.

शिल्लकरावांनी वही काढली, उगीचच. स्टेपनी : आहे. त्यांनी ती ओळ वाचली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना 'आहे' हा शब्द पुरेसा वाटला नाही.

"फोन करते, येत नाही म्हणून," बायको म्हणाली.

तेवढ्यात मागून आवाज आला. "बुडबुडा!"

सासूबाई रस्त्यावर मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात काढलेलं जुनं चाक. व्हॉल्व्हवरची टोपी एका हातात, आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा एक छोटासा, गोल, चकचकीत बुडबुडा. तो फुगला, फुटला, दुसरा आला.

"पंक्चर कसलं डोंबलाचं! पिन सैल आहे ही. उरलीसुरली हवा अजून निघतेय. सकाळी कुणी हात लावला होता हिला?"

शिल्लकराव वहीकडे बघत राहिले. अर्धा आटा सैल, मग... चौथं चाक... जिन्यातून हाक...

"तुम्हीच हाक मारलीत दोघींनी!" ते म्हणाले.

"अस्सं! म्हणजे आमचंच चुकलं!" सासूबाई म्हणाल्या. "पिना आवळायची किल्ली द्या. आणि बाळ, ऊठ. पाय हलव. तुझा वॉर्मअप अर्धाच झालाय."

किल्ली फिरली. बुडबुडा थांबला. बायकोने पंप ओढला आणि असे पाय मारले, की पंपाचं काय होणार याचीच भीती वाटावी. "शंभर! दोनशे! अहो, किती हवं?" "अजून पन्नास!" शिल्लकरावांनी गेज लावलं. काटा चढला आणि चढलेला राहिला.

"झालं! आता बसवा!"

आणि तेव्हा शिल्लकरावांच्या ध्यानात आलं. मागचं डावं चाक काढलंय. मागचं डावं चाक परत बसवायचंय. तेच! नऊ वर्षं, महिन्यातून एकदा, जगात दुसऱ्या कुणीही केली नसेल ती तालीम!

"स्टॉपवॉच!" ते गरजले.

सासूबाईंनी घड्याळ धरलं. नट, पाना, जॅक खाली, पुन्हा पाना, दगड डिकीत, भेगाळलेली स्टेपनी भिंतीकडेला तशीच. "तीन मिनिटं पन्नास!" सासूबाई ओरडल्या. "बसा गाडीत, बघत काय बसलात!"

*

नऊ अठ्ठावन्नला गणिताच्या बाई हॉलच्या दारातून पळत शिरल्या. गेल्या वर्षीच्या विजेत्या बाई दीड तास खुर्चीत बसून आखडल्या होत्या. आमच्या बाई घामाने निथळत होत्या, डोळे लाल, पाय स्प्रिंगसारखे. पहिला गेम त्यांनी सात मिनिटांत जिंकला. शेवटचा संपला तेव्हा सासूबाई खुर्चीवर उभ्या होत्या आणि शिल्लकराव त्यांना धरून होते. त्या पडू नयेत म्हणून, का आपण पडू नये म्हणून, ते कळायला मार्ग नाही.

परत येताना चषक डिकीतल्या त्या गोल रिकाम्या खड्ड्यात ठेवला. चपखल बसला.

*

रविवार आला. नवी स्टेपनी आली होती. शिल्लकरावांनी तिला गेज लावलं, कडा चाचपल्या, पिन अजिबात सैल केली नाही, आणि वहीतली शेवटची ओळ नऊ वर्षांत पहिल्यांदा बदलली : स्टेपनी : हवा बघितली, ठीक. मग थोडं थांबून, कुणी बघत नाही असं बघून, त्याखाली लिहिलं : सासूबाई : आहेत.

वही बोनेटवर ठेवून ते हात धुवायला गेले. परत आले तर त्या ओळीखाली गोलगोल, नर्सच्या अक्षरात आणखी एक ओळ होती :

जावई : आहेत. थुंकी लावून बघायचे बाकी.