गोटीरामशेठच्या काँप्युटरवरचा पूल

"जेवणाच्या सुट्टीआधी होईल शेठ," असं ललिता सकाळी साडेनऊला छातीठोकपणे म्हणाली, आणि तिथंच तिचे ग्रह फिरले.

सातपूरला गोटीरामशेठचं वर्कशॉप आहे. तिथं पंपात बसणाऱ्या पिना बनतात. पिनांची मापं घेणारं यंत्र पायथन नावाच्या भाषेवर चालतं आणि मापांवरून आलेख काढणारा ललिताचा प्रोग्रॅम आर नावाच्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नाही, म्हणून ऑफिसातल्या काँप्युटरवर त्यांच्यामध्ये पूल, म्हणजे एकीचं दुसरीला पोचवणारा छोटा प्रोग्रॅम, बसवायचा होता. चार वाजता मोठ्या कंपनीचे तपासनीस येणार होते. त्यांच्यासमोर आलेख पडद्यावर आला, तर तीन वर्षं टेंपररी असलेली ललिता कायम होणार, असा शेठचा शब्द होता.

पूल बसला. चालवला, तर लाल अक्षरांत उत्तर आलं, की पायथन सापडत नाही! ललितानं पायथन काढून परत टाकला. मग आर काढून परत टाकला. मग जुनं व्हर्जन, मग त्याहून जुनं. लाल ओळी तेवढ्या वाढत गेल्या. जेवणाच्या सुट्टीत मशिनवरच्या वसीमनं डबा पुढे केला, पण ती पडद्यावरून नजर काढेना. एम.एस्सी. केलं ते कशाला, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

अडीच वाजता वसीमनंच विचारलं, की ताई, या लाल ओळींत मधेच चौकोन चौकोन कशाचे?

ललितानं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. काँप्युटर आणला तेव्हा शेठनी त्याची यथासांग पूजा केली होती, आणि वापरणाऱ्याचं नाव विचारल्यावर स्वतःचं न देता 'श्री सप्तशृंगी माता प्रसन्न' असं मराठीत घातलं होतं. सगळ्या फायली त्याच नावाच्या फोल्डरात. पुलाला इंग्रजीपलीकडे अक्षर वाचता येत नव्हतं, त्याचेच ते चौकोन. तो सकाळपासून देवीच्या पायरीशी येऊन थांबत होता.

"शेठ, इंग्रजी नावाचं दुसरं खातं उघडावं लागेल."

"आन् देवीला काढायची?"

"नाही हो. तिला राहू द्यायचं. आपण बाजूच्या खोलीत बसायचं."

शेठनी कळवणला आईला फोन लावला. झुंबरबाईंनी सगळं दोनदा ऐकून घेतलं आणि आधी दिवा लाव, मग काय ते कर, असा निकाल दिला. वर्कशॉपभर वात शोधण्यात आणखी वीस मिनिटं गेली. ललिताला आता रडायलाही वेळ नव्हता.

चारला दहा कमी असताना पूल चालला! तीनशे पिनांचे तीनशे ठिपके पडद्यावर सरसर उमटले. ललिता टाळी वाजवणार, एवढ्यात तिनं नीट बघितलं. मंजूर मापाच्या दोन रेघांच्या आत जेमतेम शंभर ठिपके होते.

शेठ मागेच उभे होते. "हे भायेरचे म्हंजी?"

"नापास, शेठ."

फाटकात गाडी थांबल्याचा आवाज आला. शेठनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा 'सर्व माल ओके' असं हातानं लिहिलेल्या जुन्या वहीकडे.

"ललिताताई," ते अगदी हळू म्हणाले, "ह्यो पूल मोडाया किती येळ लागंल?"

"दोन मिनिटं."

एकच लागलं. तपासनीस चहा पिऊन, वहीवर सही करून गेले.

सोमवारी ललिताला कायम केल्याचं पत्र मिळालं. 'संगणकावरील उल्लेखनीय कामगिरीबद्दल' असं त्यात लिहिलं होतं. नेमकी कुठली कामगिरी, ते विचारायचा तिला काही धीर झाला नाही.