नरसिंहरावांनी जुनी विंडोज काढली

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की काळ्या पडद्यावर रोज एकच प्रश्न उमटायचा : एक की दोन? एक म्हणजे जुन्या डिस्कवरची पंच्याण्णवची विंडोज, दोन म्हणजे नव्या डिस्कवरची अठ्ठ्याण्णवची. दुकानदाराने नवी डिस्क बसवताना जुनी तशीच आत राहू दिली होती. नरसिंहराव चार महिने इमानेइतबारे दोन दाबत होते आणि रोज मनाशी म्हणत होते, एका घरात दोन कारभारी हवेत कशाला?

तसे ते त्या यंत्राला फार मानायचे. तीस वर्षं त्यांनी सरकारी खात्यात नकाशे काढले होते. दोन खोल्या भरतील एवढे नकाशे आतल्या तळहाताएवढ्या डबीत मावतात, हे मुग्धाने सांगितल्यापासून त्यांनी कॉम्प्युटरसमोर मांडी घालून बसणंही सोडलं होतं. मुग्धा ही त्यांची भाडेकरू. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी पुण्याहून आलेली, बनशंकरीतल्या त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहणारी.

रविवारी सकाळी पत्नी वसुमतीअक्का देवळात गेल्या आणि नरसिंहरावांनी मुहूर्त साधला. जुन्या डिस्कवर फॉरमॅटची आज्ञा सोडली. सगळं पुसलं जाईल, असं यंत्राने बजावलं.

"पुसायचंच आहे, महाराज," नरसिंहराव अदबीने म्हणाले.

पट्टी हळूहळू भरत गेली. ते डोळे विस्फारून बघत राहिले. काही मिनिटांत एक आख्खी विंडोज नाहीशी झाली, आवाज नाही की धूळ नाही! समाधानाने त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला.

पडदा काळा. एक की दोन, हेसुद्धा विचारायला तयार नाही.

जुनी डिस्क वाटेत अडून बसली असणार, असं ठरवून त्यांनी स्क्रूड्रायव्हर आणला, खोकं उघडलं आणि तिची पट्टीसारखी केबल उपटली. फरक पडेना, म्हणून परत लावली. मग तीच उपटावी की दुसरी, याचा घोळ झाला आणि त्यांनी दोन्ही काढून दोन्ही लावल्या. आता समोरचा लाल दिवा लागला तो विझेचना. नरसिंहराव अनवाणीच जिना चढले.

"मुग्धा! लवकर ये गं खाली. गेला तो!"

"कोण गेलं, काका?" मुग्धा तोंडात ब्रश तसाच धरून धावत आली. उघडं खोकं बघून तिने आधी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग आत डोकावली. "ही केबल उलटी कोणी लावली?"

"सुलटी बाजू कुठे लिहिलेली नव्हती."

"आणि जुनी डिस्क फॉरमॅट केलीत? अहो काका, सिस्टिम स्टार्ट करायच्या फाइल्स जुन्या डिस्कवरच होत्या. नवीला रोज तीच उठवत होती!"

"चार महिने?" नरसिंहरावांनी जुन्या डिस्कवर हात ठेवला. "एका शब्दाने बोलली नाही बिचारी."

मुग्धाने केबली नीट लावल्या, वरून एक फ्लॉपी आणली, ती आत घातली आणि दोन-तीन शब्द टाइप केले. पडदा उजळला. ढगांचं चित्र आलं. नरसिंहरावांचे हात आपोआप जोडले गेले.

"एवढ्यात झालं? आमच्या खात्यात कपाट उघडायला तीन अर्ज लागायचे!"

तेवढ्यात अक्का आल्या. दोघांच्या हातावर प्रसाद ठेवून त्या खुर्चीत बसल्या, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून पाहिला आणि म्हणाल्या, "माझा एक नंबर कुठे गेला?"

"काढला तो. त्यात काही नव्हतंच."

"काही नव्हतं कसं? तुम्ही दुपारी निजलात की मी एक दाबून बसते. नवी डिस्क यायच्या आधीपासून लिहितेय, दोन वर्षं झाली. कानडी मुलखातल्या आपल्या मराठी लोकांच्या घरातलं बोलणं उतरवून काढत होते. सासूबाईंचं, यल्लव्वामावशींचं. तीन हजारांवर शब्द झाले होते."

नरसिंहरावांनी मुग्धाकडे पाहिलं. मुग्धाने मान हलवली. "अक्का, फॉरमॅट झालंय. परत मिळणं अवघड आहे."

अक्का उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन स्टीलचा एक डबा घेऊन आल्या. आत अकरा फ्लॉप्या होत्या, प्रत्येकीवर तारीख.

"दर शुक्रवारी प्रत काढते."

"आमच्या कंपनीतसुद्धा इतका रेग्युलर बॅकअप कोणी घेत नाही!" मुग्धा ओरडलीच. "कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कॉम्प्युटरबरोबर पुस्तक आलेलं की. वाचलं. स्वल्प कठीण होतं."

कॉम्प्युटरसारखी वस्तू बाजारात मिळते, पण समोरचं हे नवल कुठून आलं, ते नरसिंहरावांना समजेना. अडतीस वर्षं ज्या बाईच्या हातची कॉफी प्यायली, तिच्याकडे ते टक लावून बघत राहिले.

मुग्धाने फ्लॉपी लावली. शब्दांच्या रांगा सरकू लागल्या. "किती मस्त आहे हे, अक्का! पुण्यात यातले निम्मे शब्द कोणी ऐकले नसतील." वाचता वाचता ती 'न'पाशी थांबली आणि तोंडावर हात धरून हसायला लागली. नरसिंहरावांनी चष्मा लावून वाकून वाचलं.

'नरसिंहणे, क्रियापद : चालती वस्तू दुरुस्त करून बंद पाडणे. उदाहरणार्थ, भिंतीवरचं घड्याळ काल नरसिंहलं.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग हळूच विचारलं, "हा शब्द तू कधी काढलास?"

"मी कशाला काढू?" अक्का म्हणाल्या. "सासूबाईंचा आहे. लग्न होऊन आले, त्याच आठवड्यात शिकवला त्यांनी मला."