वायरीतून जाणारा आवाज

बाबांची कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायची, एवढंच तिने ठरवलं होतं. (तिच्या आयुष्यातल्या बहुतेक आपत्ती 'एवढंच' या शब्दापासून सुरू होत. लग्नसुद्धा. पण ते असो.)

सोमवारी तिची रजा संपत होती. दहा महिन्यांची ठमी दुपारी झोपायची ती फक्त त्या कॅसेटवर. ठमीची आई स्वतः पाळण्यात असताना तिच्या वडिलांनी अर्धा तास अंगाई गाऊन भरून ठेवली होती. बाबा आता नव्हते. आवाज बेताचा, दर दोन ओळींनी खाकरणं. पण ठमी नेमकी खाकरण्यापाशी डोळे मिटायची. तो टेपरेकॉर्डर मात्र शेवटच्या घटका मोजत होता. आठवडाभरात त्याने दोनदा फीत चावली होती. तो गेला तर सोमवारी दुपारी घरात फक्त सासूबाई आणि टक्क जागी ठमी. शिवाय बाबांचा आवाजही गेला. या विचाराने ती स्वतःच चार दिवस झोपली नव्हती.

रविवारी सकाळी तिने तयारी केली. पंखा बंद. भिंतीवरचं घड्याळ कपाटात, चादरीत गुंडाळून. दारावर चिठ्ठी : 'बेल वाजवू नये. आत रेकॉर्डिंग.'

"मी शिंकले तर चालेल?" सासूबाईंनी विचारलं.

"शक्यतो स्वयंपाकघरात जाऊन, आई."

नवरा ठमीला बाबागाडीत बसवत होता. तो घाम पुसत म्हणाला, "अगं, आवाज वायरीतून जातो, हवेतून नाही. एक टोक टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकात, दुसरं कॉम्प्युटरच्या मागे निळ्या भोकात. मग इथे भांडी आपटलीस तरी काही होत नाही."

"नक्की?"

"विज्ञान आहे ते." असं म्हणून विज्ञान ठमीला घेऊन बागेत गेलं.

ती टॉर्च तोंडात धरून टेबलाखाली शिरली. निळं भोक सापडलं, टेबलाची कडाही सापडली (डोक्याला). दुसरं टोक टेपरेकॉर्डरमध्ये घालताना जरा अडलं. जोर लावला तर मोडेल, या भीतीने तिने ते अर्ध्यावरच सोडलं. बटण दाबलं. बाबा गाऊ लागले, खोलीभर ऐकू येईल असे. खरं तर वायर नीट बसली असती तर स्पीकर मुका व्हायला हवा होता. पण तिला वाटलं, ऐकू येतंय म्हणजे चांगलंच चाललंय. पडद्यावर हिरव्या रेघाही हलत होत्या.

चार मिनिटं ती हात मांडीवर ठेवून बसली. मग विज्ञान आठवलं. तिने पंखा लावला आणि ताईला फोन केला.

"ताई, उद्यापासून ऑफिस. सासूबाईंना काही सांगायला गेलं की त्या आधी हो म्हणतात, मग स्वतःचंच खरं करतात. आणि ठमी त्यांच्याकडे लगेच रमते गं. माझ्याकडे आली की किंचाळते. झोपवायलासुद्धा मेलेल्या माणसाचा आवाज लागतो. मला आई होणं जमलेलंच नाही बघ."

ती बोलत होती तशा हिरव्या रेघा थेट टोकापर्यंत उसळत होत्या. (बाबांचा आवाज अजून किती खणखणीत आहे, असं वाटून तिला भरूनही आलं.)

बाबांनी शेवटचं खाकरलं आणि टेपरेकॉर्डरने मोठा आवंढा गिळला. तिने झाकण उघडलं. आत तपकिरी फितीचा गुंता झाला होता आणि मध्ये फीत तुटली होती.

"जाऊ दे, उतरलं ना सगळं?" बागेतून परतलेला नवरा दारातूनच म्हणाला. ठमीला कडेवर घेऊन सासूबाईही आल्या. तिने फाइल लावली.

बाबा गात होते, पण शेजारच्या न्हाणीघरातून गावं तसे. वायरीतून काही गेलंच नव्हतं. पडद्यावर बसवलेल्या कॅमेऱ्याच्या माइकने खोली ऐकली होती, सगळी. चार मिनिटांनी स्पष्ट आवाज आला, "ताई, उद्यापासून ऑफिस." ती बंद करायला झेपावली, तर माउस टेबलावरून खाली लोंबकळला.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "पुढचं ऐकू दे."

पुढचं सगळ्यांनी ऐकलं. ठमीला मुलाच्या हातात देऊन सासूबाई आत गेल्या.

"तू म्हणालास भांडी आपटली तरी चालेल," ती नवऱ्याला म्हणाली.

"भांड्यांबद्दल म्हणालो होतो."

सोमवारी निघताना तिने सासूबाईंना खाली मान घालून सांगितलं, "आई, पहिली चार मिनिटंच लावा. पुन्हा पुन्हा. पुढे जाऊ देऊ नका."

"हो," सासूबाई म्हणाल्या.

ऑफिसात तिने एकच पत्र तीनदा टाइप केलं. दोन वाजता जिन्यात जाऊन फोन लावला.

"आई, झोपली का?"

"केव्हाच. तुझ्या चार मिनिटांत नुसती इकडेतिकडे बघत होती. मग मी पुढे नेलं, सरळ 'सासूबाईंना काही सांगायला गेलं की' पासून. तुझा आवाज आला आणि पोरगी हसली. हसता हसता झोपली."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. "माझ्या आवाजाने?"

"मग काय. आईचा आवाज तो. उगीच आपलं जमत नाही, जमत नाही."

"आई, मी ते तुमच्याबद्दल जे..."

"त्याचं काय एवढं? मी काही शेवटपर्यंत ऐकलं नाही आज." सासूबाईंनी जांभई दिली. "ठमीला पाच मिनिटं लागली. त्यापुढे मला तीनच."