एका खुर्चीवर दोन भाऊ

आधीच सांगतो, माझी सिस्टीम चुकली नाही! ती चुकतच नाही. मी सांगेन तेवढं ऐकते. घरात माझं ऐकणारी ती एकटीच.

तर झालं काय, ताईचं लग्न ठरत आलं होतं. 'ठरलं' नव्हतं, 'ठरत आलं' होतं. मुलगा तयार, ताई तर केव्हाचीच तयार, पण मुलाच्या घरून शेवटचा होकार अडकला होता. म्हणून एका रविवारी हॉल घेऊन दोन्ही घरांचं एकत्र जेवण ठेवलं.

"त्यांच्याकडे भाऊंच्या शब्दाबाहेर कोणी नाही," ताई बजावत होती. "कडक आहेत. त्यांना नीट बसवा, विचारपूस करा. ते हसले तर लग्न. नाही हसले तर मी इथेच, जन्मभर तुझ्या बोकांडी!"

"बसवायचं काम माझ्याकडे दे."

"तुझ्याकडे नको म्हणूनच सांगतेय ना!"

पण मी आधीच कामाला लागलो होतो. मी सिमँटिक वेब शिकलोय. कॉलेजात नाही, गच्चीवर. शेजाऱ्यांचं वायफाय तिथेच येतं. प्रकार सोपा आहे. साधा कॉम्प्युटर शब्द शोधतो, माझा अर्थ शोधतो! त्याला एकदा शिकवायचं: काका म्हणजे वडिलांचा भाऊ, वहिनी म्हणजे भावाची बायको, नवरा-बायको शेजारीशेजारी बसतात. अर्थांच्या या नकाशाला म्हणायचं ऑन्टॉलॉजी. आमच्या घराची एक, त्यांच्या घराची एक. मग दोन्ही जोडायच्या, यांच्यातलं हे म्हणजे त्यांच्यातलं ते. हे मॅपिंग. मग विचारायचं, 'कोण कुठे बसेल?' की सिस्टीम स्वतः डोकं लढवते आणि ज्याला त्याला मेसेज!

आईच्या, ताईच्या फोनमधले नंबर उचलले. होणाऱ्या दाजींनी त्यांचे पाठवले, सोबत कोण कुणाचं कोण लागतं याची यादी; ती मी न वाचताच सिस्टीमला भरवली. आत्याला आत्या जुळली, मावशीला मावशी. ताईच्या फोनात मी 'भाऊ'. दाजींच्या फोनातही एक 'भाऊ'. सिस्टीमने विचारलं, "हे दोन्ही एकच आहेत का?"

एका हातात चहा, पाय खाली शिवणयंत्रासारखा चाललेला. मी ठोकून दिलं, "होय!" शब्द एकच आहे की! त्यात काय विचारायचं?

रविवारी हॉलच्या दारात मी नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. बसवतच नव्हतं. टिंग! टिंग! मेसेज सुटले होते. आणि पहिले कोण आले? आमचे नळवाले काका! कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फुलं.

"काका, तुम्ही? हॉलचा नळ गळतोय का?"

"अरे, तुझाच मेसेज आला ना! 'मुलीचे काका या नात्याने पहिल्या टेबलावर बसावे आणि चार शब्द बोलावेत.' डोळ्यांत पाणी आलं रे माझ्या!"

आता माझ्या डोळ्यांत यायला लागलं. कारण आईच्या फोनात ते नुसते 'काका'. त्यांच्या मागून भांडीवाल्या मावशी. त्यांच्या मागून शाळेच्या व्हॅनचे मामा, सहकुटुंब! आई ज्यांना ज्यांना तोंडभरून काका-मामा म्हणते, ते सगळे एका रात्रीत सख्खे झाले होते.

बाबांनी मला खांबामागे ओढलं. "पहिल्या टेबलावर कोण बसलंय?"

"तुमचा भाऊ."

"मला भाऊ नाही!"

"आता आहे."

बाबा पुढे काही बोलणार, तेवढ्यात मुलाकडची मंडळी आली. मी पळत जाऊन माझ्या खुर्चीवर बसलो, निदान चेहरा तरी निवांत दिसावा म्हणून. तर एक बाई फोनमध्ये बघत आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

"बाळा, मला इथेच बसायला सांगितलंय. 'वहिनी, पतीशेजारी.'"

"हो का! तुम्ही दाजींच्या वहिनी?"

"मी त्याची आई. माझे दीर मला वहिनी म्हणायचे ना, ते ऐकून पोरंही वहिनीच म्हणायला लागली."

माझा हलणारा पाय थांबला. "आणि... भाऊ?"

"त्याचे वडील. नणंदा त्यांना भाऊ म्हणायच्या, म्हणून पोरंही."

"मग ते कुठे आहेत?"

"तुझ्या मागे उभे आहेत."

मी मान वळवली. आधी मिशी दिसली, मग माणूस. फोन हातभर लांब धरून ते वाचत होते, "'भाऊ, आपल्या खुर्चीवर आपण आधीच बसला आहात.'" मग माझ्याकडे बघत म्हणाले, "मी बसलोय? कुठे?"

मी उडी मारून उठलो, ते बसले. मला म्हणायचं होतं, नातं एकच. सिस्टीम समजली, माणूस एकच! मी म्हणजेच मुलाचे वडील! आणि एकदा डोकं चालवायला लागली की ती थांबते थोडीच? टिंग! या वेळी अख्ख्या हॉलचे फोन एकदम वाजले.

मुलाकडच्या एक आत्या मोठ्याने वाचायला लागल्या, "'महत्त्वाची सूचना. मुलीचा भाऊ हेच मुलाचे वडील आहेत. सबब मुलगी ही मुलाची सख्खी आत्या लागते. हा विवाह होऊ शकत नाही.'"

चमचा पडला तरी ऐकू आलं असतं. खरंच एक पडला. ताईचा. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला गच्ची आठवली, आणि तिथून खाली किती खोल आहे तेही.

"मुलीच्या काकांना चार शब्द बोलायचेत!" नळवाले काका उभे राहिले. मेसेजच तसा होता ना! बाबांनी डोळे मिटून घेतले.

"मी कसला काका! मी नळवाला," काका म्हणाले. "पण या पोरीचं एक सांगतो. यांच्या स्वयंपाकघरातला पाइप फुटला होता. साहेब छत्री शोधत होते. घरात! हिच्या आई पाण्याखाली भांडी लावत होत्या, तीही उलटी. हा दिवटा 'पाइप कसा जोडावा' याचा व्हिडिओ बघत होता, त्यातही जाहिरात आली म्हणून थांबलेला! आणि ही पोर नखशिखान्त भिजून पाइप दाबून उभी. त्या दिवशी तिची मुलाखत होती नोकरीची. मी आलो तर म्हणाली, काका, पायरी ओली आहे, जपून या."

ताईने मान खाली घातली. आणि मग मिशीचं एक टोक हललं. मग दुसरं.

"जाहिरात आली म्हणून थांबलेला?" भाऊंनी विचारलं.

"स्किप होत नव्हती हो ती," मी पुटपुटलो.

भाऊ हसले! असे हसले की माझी, म्हणजे आमची, ती खुर्ची कुरकुरली. "सून पसंत," डोळे पुसत ते म्हणाले. "एकच अट. लग्नाची व्यवस्था काकांकडे द्या. सख्ख्या काकांकडे!"

झालं! लग्नात काकांनी मला एकच काम दिलं, एका खुर्चीवर बसायचं आणि कशालाही हात लावायचा नाही. दाजी माझ्यापेक्षा चांगले मोठे आहेत, पण अजूनही भेटले की वाकून नमस्कार करतात. "कसे आहात, बाबा?"

शेवटी वैतागून मी सिस्टीममधून ते नातं पुसायला गेलो. तिने विचारलं, "मुलाशी कायमचा संबंध तोडायचा आहे का?"

बोट 'होय'वर होतं. पण नाही दाबवलं हो. काही झालं तरी पोर आहे आपलं!