काकूंनी न मारलेला घोडा

भागीरथीकाकू एकट्याच बुद्धिबळ खेळत. पांढऱ्याची खेळी झाली की उठून पटाच्या पलीकडे जाऊन बसत आणि समोरच्या रिकाम्या पाटाला दटावत, "काय हो बाई, झोप लागली का?" मुलुंडच्या आमच्या चाळीत नवा भाडेकरू आला की त्याला आधी एवढं समजावून सांगावं लागे.

काकू बालविधवा. बुद्धिबळ शिकवलं सासऱ्यांनी, कोकणातल्या घरी, जुन्या रीतीनं. समोरच्याचं शेवटचं मोहरं मारायचं नाही. राजा एकटा पडला की डाव बुर्जी, म्हणजे जिंकूनही नामुष्की. "मामंजींचा कायदा," असं काकू म्हणत आणि विषय संपे.

त्या पुतण्याकडे राहत. त्या माधवची दिल्लीला बदली झाली. तिकडे काकूंना न्यायचं नाही, गावच्या बंद घरी पाठवायचं, असं ठरलं. नेमकी तेव्हाच आमच्या मंडळानं बायकांची स्पर्धा काढली. एक बाई नागपूरहून आल्या, तेवढ्यावर फलकावर 'अखिल भारतीय' चढलं. जिंकणारीला मंडळात बुद्धिबळ शिकवायचं काम आणि राहायला मागची खोली. काकूंना ती खोली हवी होती. चक्क इस्त्रीचं लुगडं नेसून गेल्या.

शेवटचा डाव नागपूरच्या बाईंशी पडला. कायदे नवे आहेत, हे सेक्रेटरींनी पुन्हा पुन्हा बजावलं. काकूंनी मान डोलावली. खेळता खेळता काकूंकडे राजा आणि हत्ती उरले, बाईंकडे राजा आणि घोडा. घोडा हत्तीच्या तोंडात. मारला की खोली आपली, हे माझ्यासारख्या अडाणी बाईलाही कळत होतं.

काकूंनी हात पुढे नेला, मागे घेतला आणि राजा सरकवला. घोड्यानं शह दिला आणि पुढच्या खेळीत हत्ती खाल्ला. पटावर दोन राजे आणि तो घोडा, आणि एकट्या घोड्यानं मात होत नाही. बरोबरी झाली, आणि आधीच्या गुणांवर नागपूरच्या बाईंना तेवढी पुरली.

परतताना मी भडकले. "वाट लावलीत ना काकू! घोडा दिसला नाही?"

"दिसला ना."

"मग? मामंजींचा कायदा इथे कुठे होता?"

"कायदा कसला डोंबलाचा! आधी सासूबाई गेल्या, मग दीर, मग मामंजी. ते गेले त्या सकाळी चुलीपाशी मी एकटी. शेवटचं माणूस कुणाचं नेऊ नये गं. हात धजला नाही."

महिनाअखेरीस आम्ही त्यांना भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसवलं. बोट सुटली. त्यांचं शेवटचं माणूस माझ्या शेजारी उभं राहून रुमाल हलवत होतं, आणि मला त्याला पाण्यात ढकलून द्यावंसं वाटत होतं.